राखलेलं आणि रचलेलं

२०२१च्या एप्रिलमध्ये विदर्भातल्या एका शहरातली एक बाई पुण्यातल्या मीरा नावाच्या मुलीला शोधत होती. मीरा २६ वर्षांची, बँकेत नोकरी करणारी, कोथरूडमध्ये एका मैत्रिणीसोबत भाड्यानं राहणारी. दर तीन-चार दिवसांनी येणारा तिचा मेल अचानक बंद झाला होता. कोविडची दुसरी लाट भरात होती. बेड नाही, ऑक्सिजन नाही, रेमडेसिविर नाही, अशा बातम्यांचे ते दिवस. आठवडाभर वाट पाहून त्या बाईनं पुण्यातल्या मदत-गटांवर मीराचं नाव आणि वय टाकलं. कोथरूड भागातल्या हॉस्पिटलांना फोन लावले. शेवटी पुण्यातल्या मावसभावाला गळ घातली. संचारबंदीत तो स्कूटर काढून गेला आणि तीन सोसायट्यांच्या वॉचमनना विचारून आला.

मीरा सापडली नाही, कारण मीरा नावाचं कुणी नव्हतंच. मीरा म्हणजे मी. तेव्हा वय १९, मुक्काम कराड, बीएस्सीचं दुसरं वर्ष. कोथरूड मी तोवर एकदाच पाहिलं होतं, मामाच्या गाडीच्या खिडकीतून.

त्या दिवसांत माझे बाबा हॉस्पिटलमध्ये होते. मोबाइल होता, पण तो फक्त बेड, औषधं आणि डॉक्टरांचे फोन यांच्यासाठी. सोळा दिवसांनी बाबा घरी आले आणि मी मेल उघडला. तिचे अकरा मेल होते. पहिल्यात एका जुन्या दिवाळी अंकातल्या कथेबद्दल लिहिलं होतं. पाचव्यात ‘बरी आहेस ना?’ एवढंच. शेवटच्यात ती म्हणत होती, ‘आज भाऊ तुझ्याकडे जाऊन आला. तू सांगितलेल्या ग्राउंडच्या मागच्या तीन सोसायट्या झाल्या. उद्या पलीकडची गल्ली बघेल.’

ते वाक्य वाचून माझ्या पोटात जे झालं, त्याचा अर्थ लावायचा मी अजून प्रयत्न करते आहे. हा लेख त्याच प्रयत्नाचा भाग आहे.

*

मी खोटं का बोलले, ते आधी सांगते. मौज म्हणून नाही.

सोळा वर्षांची असताना मी चित्रं काढणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात होते. तिथं माझ्याच वयाची, नाशिकची म्हणवणारी एक मुलगी भेटली. आधी शेडिंगबद्दल बोलायची. मग गटातून बाहेर, खासगी चॅटवर चल म्हणाली. मग फोटो मागायला लागली. तिचा आवाज ऐकायचा म्हटलं की माइक बिघडलेला असायचा, व्हिडिओ म्हटलं की नेट जायचं. मी जरा हात आखडता घेतल्यावर एके दिवशी मेसेज आला. मी टाकलेल्या एका फोटोत गणवेशावरचा बिल्ला दिसत होता, त्यावरून त्या माणसानं माझी शाळा ओळखली होती. ‘उद्या सुटायच्या वेळी गेटवर येऊ का?’ असा तो मेसेज होता.

कुणी आलं नाही. पण पुढचे दोन-तीन महिने मी ओढणी तोंडावर घेऊन शाळेतून बाहेर पडायचे, आणि घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. आईला शेवटी कळलं, तेव्हा घरून मिळालेला धडा एका ओळीचा होता: नेटवर खरं काही सांगायचं नाही. आपल्याकडे बहुतेक मुलींना हाच धडा मिळतो. तो देणाऱ्यांचं मी चुकीचं म्हणणार नाही. त्यांना भीती वाटत होती आणि त्या भीतीला कारण होतं.

म्हणून २०२०च्या लॉकडाऊनमध्ये, जुन्या दिवाळी अंकांवर बोलणाऱ्या एका टेलिग्राम गटात शिरताना मी मीरा झाले. तिथं ही मैत्रीण भेटली. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. महिन्याभरात आम्ही मेलवर आलो. फोन नंबर दोघींनीही दिले नव्हते.

तिच्या तिसऱ्या मेलमधली एक ओळ मला अजून पाठ आहे: ‘मी विदर्भात राहते, पण गाव आणि नोकरीचं ठिकाण अजून काही दिवस सांगणार नाही. राग मानू नकोस, तुझ्याबद्दल शंका आहे म्हणून नाही, माझा नियम आहे.’

मला राग आला होता! एवढं पुस्तकांवर बोलते, आणि गाव सांगायला काय होतं? किती संशयी बाई! आणि त्याच रात्री मी तिला माझ्या बँकेतल्या साहेबाचे किस्से लिहून पाठवले. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या गळक्या नळाबद्दल लिहिलं. त्या मैदानाबद्दल लिहिलं, जिथं म्हणे मी सकाळी फिरायला जाते. तिच्या मेलमध्ये जागोजागी दारं लावलेली होती. माझा मेल म्हणजे सताड उघडं घर होतं. फरक एवढाच, की तिच्या बंद दारांमागं खऱ्या खोल्या होत्या आणि माझ्या उघड्या दारांमागं काहीच नव्हतं.

खोटं बोलणारा माणूस बऱ्याचदा खरं बोलणाऱ्यापेक्षा मोकळा वाटतो, हे मला माझ्याच उदाहरणावरून कळलं. खऱ्या माहितीला किंमत असते म्हणून ती जपून दिली जाते. रचलेली माहिती हवी तेवढी वाटता येते.

*

आता प्रश्न असा, की मी चूक केली का? आणि केली असेल तर नेमकी कुठली?

तत्त्वज्ञानात या प्रश्नाचं एक जुनं, प्रसिद्ध भांडण आहे. तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय. दारात एक खुनी उभा आहे आणि विचारतोय, तो आत आहे का? फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्तां म्हणाला, खुन्याला सत्याचा हक्क नाही, त्याला खोटं सांगण्यात गैर काही नाही. इमॅन्युएल कांटनं १७९७मध्ये निबंध लिहून उत्तर दिलं, की तिथंही खोटं बोलणं चूकच. कांट वाचताना आपल्यापैकी बहुतेकांचं मन कॉन्स्तांच्या बाजूला उभं राहतं. माझंही राहतं. शाळेच्या गेटवर येऊ का विचारणाऱ्याला मी खोटी शाळा सांगितली असती, तर मला आज रात्री शांत झोप लागली असती.

पण माझ्या गोष्टीत अडचण वेगळी आहे. दारावर थाप पडली तेव्हा बाहेर कोण आहे ते मला माहीत नव्हतं. म्हणून खुनी समजूनच मी उत्तर दिलं. पुढं कळलं की बाहेर खुनी नाही, शेजारीण आहे. ती आत आली, बसली, वर्षभर माझ्या बऱ्यावाईटाची चौकशी करत राहिली. मी मात्र खुन्याला दिलेलं उत्तरच तिला देत राहिले. परका माणूस मित्र कधी होतो, याचं नोटिफिकेशन येत नाही. ‘आजपासून हिला खरं सांग’ असं मोबाइल सांगत नाही. आणि खोट्याचा एक स्वभाव असतो. ते जितकं जुनं होतं, तितकं मोडायला महाग पडतं. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. सहाव्या महिन्यात रुसवा झाला असता. मी तेराव्या महिन्यात सांगितलं, तेही तिचा भाऊ गल्ल्या पालथ्या घालून आल्यावर.

चार दिवस लावून मी खरा मेल लिहिला. नाव, वय, कराड, बाबा, सगळं. नऊ आठवडे उत्तर नव्हतं. मग एक छोटा मेल आला. त्यातला मुख्य भाग तिच्या परवानगीनं इथं देते:

‘तू घाबरून खोटं बोललीस, ते मला समजतं. मीही बाई आहे. पण एक लक्षात घे. तू मला पत्ता सांगितलाच नसतास, तर मी वाट बघितली असती. रडले असते, पण घरी बसून. तू खोटा पत्ता दिलास, म्हणून मी तिथं माणूस पाठवला. तुझ्या न सांगण्यानं मी फार तर थांबले असते. तुझ्या सांगण्यानं मी चुकीच्या दिशेला धावले.’

यावर मला अजूनही काही जोडता आलेलं नाही. तिच्या भावाला त्या आठवड्यात ताप आला नाही, यात माझा शहाणपणा शून्य होता. नशीब, दुसरं काय?

*

न सांगणं आणि खोटं सांगणं, या दोन्हीला आपण एकाच गाठोड्यात बांधतो. ‘लपवाछपवी’ म्हणतो आणि मोकळे होतो. पण ती दोन वेगळी कामं आहेत. एकात आपण काही राखतो, दुसऱ्यात काही रचतो.

ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी २००२मध्ये बीबीसीच्या रीथ व्याख्यानांत विश्वासाबद्दल मांडणी केली होती. सगळीकडे पारदर्शकतेचा जप सुरू होता, तेव्हा त्यांनी म्हटलं, की विश्वासाचा खरा शत्रू गुप्तता नाही, फसवणूक आहे. त्या प्रामुख्यानं संस्था आणि सार्वजनिक जीवनाबद्दल बोलत होत्या, पण मला ते वाचताना माझे आणि तिचे मेल शेजारी-शेजारी ठेवल्यासारखे दिसले.

मराठी वाचकाला हे समजायला परदेशात जायची गरज नाही. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. टोपणनावानं लिहिणाऱ्यांनी कुणाला फसवलं असं आपण म्हणत नाही, कारण हे टोपणनाव आहे एवढं वाचकाला ठाऊक असतं. पडदा आहे, पण पडदा असल्याचं कळतंय. मी गटात ‘मीरा हे टोपणनाव आहे, खरं नाव सांगणार नाही’ एवढं लिहिलं असतं, तर माझी सुरक्षितता तसूभरही कमी झाली नसती. आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

बरं, इतकं राखून मैत्री होते का? जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहायचे, माणसांच्या गर्दीपासून लांब. आणि त्यांनी सुनीता देशपांड्यांना लिहिलेली पत्रं आज पुस्तकरूपात आपल्या हातात आहेत. इतकं राखून असणारा माणूस पत्रातून किती जवळ येऊ शकतो, ते त्यांतून दिसतं.

याहून आपल्या काळाचं उदाहरण नॉर्वेतलं आहे. मॅट्स स्टीन नावाच्या तरुणाला स्नायू झिजत जाणारा ड्युशेन हा आजार होता. त्याचे दिवस व्हीलचेअरवर आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात जायचे. खेळात त्याचं नाव इबेलिन. २०१४मध्ये, २५व्या वर्षी तो गेला. आपला मुलगा एकटाच जगला, मैत्रीविना गेला, असं आईवडिलांना वाटत होतं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि मेल यायला लागले. तो आमचं ऐकून घ्यायचा, अडचणीत सोबत करायचा, असं सांगणारे. अंत्यविधीला त्याच्या खेळगटातली माणसं वेगवेगळ्या देशांतून आली. त्याच्यावर २०२४मध्ये माहितीपटही आला. बरीच वर्षं मॅट्सनं या मित्रांना आपल्या आजाराबद्दल सांगितलं नव्हतं. व्हिडिओवर, भेटीला तो यायचा नाही. कुणी दुखावलंही असेल. पण त्यानं जे दिलं, ते ऐकून घेणं आणि ती सोबत, ते त्याचं स्वतःचं होतं. शरीर त्यानं राखलं होतं, मन दिलं होतं.

मी उलटं केलं होतं, असं म्हणता येईल का? पुस्तकांबद्दल मी तिला जे लिहिलं ते तर खरं होतं. तिच्या आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी जो मेल लिहिला, त्यातलं दुःख खरं होतं. मग मैत्री खोटी कशी? मी हे तिला फोनवर विचारलंही. ती म्हणाली, ‘मैत्री खोटी नव्हती गं. पण आता मागचं काही वाचायला घेतलं, की प्रत्येक ओळीपाशी थांबून विचार करावा लागतो, ही तू की ती मीरा?’ खोटं फक्त स्वतःची जागा खात नाही. शेजारच्या खऱ्यालाही संशयित करून ठेवतं.

*

इथं एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. कुणी म्हणेल, ‘तुला शेवटी चांगली बाई भेटली म्हणून तू असं म्हणतेस. नाशिकची ती ‘मुलगी’ पुन्हा भेटली असती तर?’

म्हणूनच मला वाटतं, की राखणं हे खोट्यापेक्षा चांगलं कवच आहे. समोरचा भामटा असेल, तर ‘शाळेचं नाव सांगणार नाही’ म्हटल्यावर त्याला शाळा कळत नाही. खोटं नाव सांगूनही कळत नाही. इथपर्यंत दोन्ही सारखेच. पण समोर खरा मित्र असेल, तर? राखलेल्या गोष्टीनं त्याचं काही बिघडत नाही. आज नाही तर सहा महिन्यांनी सांगता येतं, आणि तेव्हा आधीचं काही मागं घ्यावं लागत नाही. रचलेल्या गोष्टीनं मात्र तो मित्रच जखमी होतो. खोटं एकाच बाजूनं धार असलेलं शस्त्र नाही. राखणं हे शस्त्रच नाही, ती कडी आहे. चोरालाही अडवते, आणि ओळख पटली की आतून काढता येते.

राखण्याचा दुसरा फायदा असा, की त्यातून माणूस कळतो. ‘हे मी आत्ता सांगणार नाही’ या वाक्यावर समोरचा काय करतो ते बघायचं. विषय बदलून कालच्या गप्पा पुढं नेतो का? की रुसतो, ‘एवढाही विश्वास नाही?’ म्हणतो, स्वतःचं काहीतरी खासगी सांगून तुम्हाला ऋणात ओढतो? खोटं बोलून मी ही परीक्षाच बुडवली होती. जिला कधी नकारच दिला नाही, ती नकार कसा घेते हे कळणार कसं?

अर्थात भामटेही धीर धरतात. महिनोन्‌महिने गोड बोलून मग गुंतवणुकीच्या बनावट ॲपमध्ये पैसे टाकायला लावणाऱ्या टोळ्या आहेत. त्यातली बरीच केंद्रं आग्नेय आशियात, कंबोडिया-म्यानमारकडे चालतात, आणि नोकरीच्या आमिषानं नेलेल्या, कोंडून ठेवलेल्या माणसांकडून ती चालवून घेतात. त्यांत भारतीय तरुणही सापडले आहेत. म्हणजे पलीकडून ‘जेवलीस का?’ विचारणारा कधी कधी स्वतःच कैदी असतो. तेव्हा नुसता काळ गेला म्हणून सगळ्या कड्या काढायच्या, असं नाही. अॅरिस्टॉटलनं मैत्रीबद्दल लिहिताना एका म्हणीचा आधार घेतला आहे. एकत्र बसून पुरेसं मीठ खाल्ल्याशिवाय दोन माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, अशा अर्थाची. आपण खाल्ल्या मिठाला जागण्याची भाषा करतो, तो त्याच्याही आधीचं, मीठ खायला लागणाऱ्या वेळाचं बोलतो. स्क्रीनवर मीठ खाता येत नाही. पण नकार दिला आणि तो नीट घेतला गेला, असं दहा वेळा झालं, तर चिमूट-चिमूट मीठ जमतंच.

*

माझी मामेबहीण १४ वर्षांची आहे. नववीत. चित्रं काढते, माझ्यासारखीच, आणि मांजरांची चित्रं काढणाऱ्या एका ऑनलाइन गटात आहे. मागच्या दिवाळीत तिनं विचारलं, ‘ताई, तिथली एक मैत्रीण माझ्या शाळेचं नाव विचारतेय. खोटं सांगू का?’

तिला मिळालेला धडा मला मिळालेलाच होता. मी तिला माझी गोष्ट सांगितली. मग आम्ही दोघींनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. त्या मी इथं देते, कारण त्या घडल्या असत्या तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

फोटो टाकण्याआधी मागं काय दिसतंय ते बघायचं. गणवेश, बिल्ला, गाडीचा नंबर, बसस्टॉपची पाटी, खिडकीतून दिसणारं दुकान. मूळ फाइल म्हणून फोटो पाठवला तर त्यात कुठं काढला याची नोंदही जाऊ शकते, म्हणून कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवायचं. ओटीपी, पैसे आणि अंगाचे फोटो, या तीन गोष्टी मैत्रीत मागितल्याच जात नाहीत. ज्यानं मागितल्या त्यानं स्वतःची ओळख करून दिली. ‘हे आपल्या दोघांतच ठेव, घरी सांगू नको’ हे वाक्य आलं, की घरी सांगायचं. आवाज आणि व्हिडिओ आता बनवताही येतात, म्हणून ‘व्हिडिओवर पाहिलं’ हा शेवटचा पुरावा मानायचा नाही. कधी भेटायचं झालंच, तर दिवसा, गर्दीच्या जागी, घरचं मोठं माणूस सोबत घेऊन, आणि परतीची सोय आपली आपण ठेवून.

आणि चुकून काही गेलंच हातातून, तर? घाबरून पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे. पैशांची फसवणूक असेल तर १९३०. मुलांसाठी १०९८. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळी सोय आहे. खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल, तर ‘टेक इट डाउन’ ही १८ वर्षांखालच्यांच्या फोटोंसाठीची आणि ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोठ्यांसाठीची मोफत सेवा आहे. त्यात फोटो कुणाकडे पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा त्यांच्याकडे जातो. सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो आपल्या साइटवरून हटवू शकतात.

पण या सगळ्याआधीची गोष्ट म्हणजे कुणाला तरी सांगणं. मी ते महिने ओढणीआड काढले, ते त्या माणसाच्या भीतीनं कमी आणि ‘फोटो टाकलासच का?’ या प्रश्नाच्या भीतीनं जास्त. भामट्याचं निम्मं काम आपली लाज करते. बहिणीला मी एवढंच म्हटलं, ‘मला कधीही फोन कर. मी तो प्रश्न विचारणार नाही.’

एक कबुली द्यायला हवी. राखणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. ज्या मुलीचा फोन भाऊ रोज तपासतो, ज्या मुलाला आपलं प्रेम कुणावर आहे हे घरात कळलं तर घर सोडावं लागेल, त्यांना कधी कधी रचावंच लागतं, तेही घरच्यांपुढं. त्यांच्या दारात खुनी उभा नसेलही, पण धोका असतो. त्यांचा न्याय करणारी मी कोण? मी बोलते आहे ते माझ्यासारख्यांबद्दल, ज्यांना राखता येत होतं आणि ज्यांनी सवयीनं रचलं.

*

आम्ही २०२३च्या नोव्हेंबरमध्ये भेटलो. ती कामासाठी पुण्याला आली होती. दुपारची वेळ, रहदारीच्या रस्त्यावरचं हॉटेल. तिनं आधीच कळवलं होतं: ‘माझा मावसभाऊ शेजारच्या टेबलावर बसेल. राग मानू नकोस, माझा नियम आहे.’ या वेळी मला राग आला नाही. बरं वाटलं.

मी तिला ताई म्हणून हाक मारली, तर ती म्हणाली, ‘वर्षभर मला अगं-तुगं केलंस, आता ताई म्हणणार असशील तर चहाचे पैसे तू द्यायचे.’ तिचा भाऊ उठून आला. मला नीट बघून घेत म्हणाला, ‘म्हणजे तुम्ही कोथरूडच्या नाहीच तर!’ आणि मोठ्यानं हसला. मला हसता आलं नाही. त्याची माफी मागायला मी वाक्य पाठ करून आले होते, ते अर्धंच बाहेर पडलं. तो म्हणाला, ‘असू द्या हो. एक वॉचमन मात्र दोन दिवसांनी फोन करून विचारत होता, सापडली का तुमची माणूस म्हणून.’

माझ्या खोट्यासाठी कोथरूडमधल्या एका अनोळखी वॉचमनचाही जीव टांगणीला लागला होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आमची मैत्री आहे. पूर्वीसारखी नाही. ती आता कधी कधी एखादी गोष्ट अर्ध्यात सोडते आणि लिहिते, ‘बाकीचं नंतर.’ मी विचारत नाही.

मामेबहिणीनं त्या दिवशी माझ्यासमोरच टाइप केलं: ‘माझ्या शाळेचं नाव मी सांगणार नाही. माझा नियम आहे.’ पाठवलं आणि नख चावत बसली. दोन मिनिटं काही नाही. मग उत्तर आलं: ‘ओके. ते झोपलेलं मांजर पूर्ण झालं का?’

पलीकडं कोण आहे ते आम्हाला अजून माहीत नाही. शाळेचं नाव बहिणीपाशीच आहे. मांजर पूर्ण झालंय.